टँकर ही मदत नव्हे, कबुली आहे



मृग तोंडावर आला आहे. खदानीच्या कडेच्या गावांत या दिवसांत दोन गोष्टी एकदमच दिसतात. विहिरीच्या तळाला टेकलेली बादली, आणि चौकात उभा कंपनीचा टँकर. टँकरपुढे आपल्या बाया गुंड घेऊन रांगेत उभ्या असतात, आणि पारावर बसलेले आपलेच काही शहाणे म्हणतात, "कंपनी पाणी तरी देते बा, सरकार तेही देत नाही."

या पत्रकाचं सगळं भांडण या एका वाक्याशी आहे.

कंपनी पाणी देत नाही. नेलेल्या पाण्यातलं थोडंसं परत करते, तेही तिला वाटेल तेव्हा. खुल्या खदानीला पर्यावरण मंजुरी लागते. त्या मंजुरीच्या पत्रात बहुधा एक अट असते: खदानीतलं पाणी उपसल्यामुळे जवळच्या गावांच्या विहिरी आटल्या, तर त्या गावांच्या पाण्याची सोय कंपनीने करायची. ही अट कंपनीने मान्य केली, म्हणून तिला कोळसा काढायला मिळाला. आता टँकर आला याचा अर्थ काय? विहीर आटली, आणि ती कोणामुळे आटली हे कंपनीला माहीत आहे. कंपनी म्हणेल, हा आमचा धर्मादाय आहे. मग लेखी विचारा: हे पाणी मंजुरीच्या अटीप्रमाणे देता की दयेने? उत्तर देताना साहेबाची पेन अडखळेल. दया म्हटलं तर अट मोडली, अट म्हटलं तर कबुली दिली.

विहीर आटते कशी

आपल्या वर्धा खोऱ्यात, म्हणजे चंद्रपूर, भद्रावती, राजुरा, वणीकडे, कोळसा ज्या खडकांत आहे त्यांना शास्त्रज्ञांनी नाव दिलं गोंडवाना. खडकाला गोंडांच्या देशाचं नाव दिलं, पण खड्डा खणताना गोंडाला विचारलं नाही, ही गोष्ट वेगळी. या कोळशाच्या वर बऱ्याच ठिकाणी कामठीचा वालुकाश्म आहे. हा दगड सच्छिद्र आहे. पावसाचं पाणी तो आपल्या पोटात ठेवतो आणि वर्षभर आपल्या विहिरींना, झिऱ्यांना पुरवतो. खुली खदान हाच दगड फोडून खाली जाते. मग चारी बाजूंचं पाणी खड्ड्यात उतरतं. कंपनीचे पंप ते रात्रंदिवस उपसतात, कारण नाही उपसलं तर कोळसा बुडेल. आपली विहीर चाळीस हात आणि खड्डा तिच्या कितीतरी खाली. पाणी उताराला जाणारच. यात देवाचा कोप नाही आणि बोअर चुकीच्या जागी पडली असंही नाही.

म्हणून कंपनी "नवी बोअर मारून देतो" म्हणते तेव्हा विचारा, किती खोल? खदान दरवर्षी खोल जाते आहे. तिच्यामागे बोअर किती वर्षं धावेल?

नाल्याचं पाणी बिघडतं कसं

आटलेली विहीर दिसते. बिघडलेलं पाणी उशिरा कळतं, म्हणून हे नीट समजून घ्या आणि गावात समजावून सांगा.

आपल्याकडे एक टन कोळसा काढायला कितीतरी घनमीटर माती-दगड उकरावे लागतात. त्याचे डोंगर नाल्याच्या, नदीच्या काठाशी उभे राहतात. पाऊस पडला की त्या डोंगरावरून माती, शेल, कोळशाचा चुरा नाल्यात येतो. नाल्याचा तळ वर येतो, डोह भरतो, मासोळी जाते, झिरा बुजतो. पूर आला की तोच गाळ आपल्या बांधीत पसरतो. नदीच्या पुराचा गाळ शेताला खत असतो. हा गाळ जमिनीच्या खोल पोटातला आहे, त्यात जीव नाही. त्याने धान जळतं.

कोळशाच्या थरात लोखंड आणि गंधकाचा खडा असतो, त्याला पायराइट म्हणतात. जमिनीच्या पोटात तो गप्प असतो. हवा आणि पाणी लागलं की त्यातून गंधकाचं आम्ल तयार होतं आणि लोखंड सुटतं. नाल्याच्या दगडावर तांबूस-नारिंगी थर दिसला तर समजा लोखंड उतरतं आहे. पण पाणी नितळ दिसलं म्हणून चांगलं असंही धरू नका. आजूबाजूच्या दगडातला चुना ते आम्ल मारतो, तेव्हा पाणी आंबट राहत नाही, पण सल्फेट आणि क्षार त्यात राहतात. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, पोट बिघडतं. आपल्या बायांना हे साहेबाच्या आधी कळलेलं असतं.

तिसरी गोष्ट सुरुंगाची. सुरुंगाच्या दारूत अमोनियम नायट्रेट असतं. न जळलेलं नायट्रेट पाण्यात उतरतं, आणि जास्त नायट्रेटचं पाणी तान्ह्या लेकराला घातक असतं. चौथी गोष्ट डंपर धुण्याच्या जागेची. तिथलं तेल सापळ्यात अडवायचं असतं. सापळा नसला की तेल नाल्यावर तरंगतं.

यावर उपाय नाही असं नाही. उपाय साधा आहे आणि कंपनीच्या कागदात तो लिहिलेला आहे. वरच्या रानातून येणारं चांगलं पाणी खदानीत शिरूच द्यायचं नाही. खदानीभोवती हारासारखी नाली काढून ते बाजूने नाल्यात सोडायचं. कागदात या नालीला गारलँड ड्रेन म्हणतात. खड्ड्यावर आणि ढिगाऱ्यावर पडलेलं खराब पाणी वेगळं धरायचं, गाळ बसायच्या तलावात थांबवायचं, आणि मगच बाहेर सोडायचं. ढिगाऱ्याच्या पायथ्याला भिंत बांधायची, ढिगाऱ्यावर झाडं-गवत लावायचं. चांगलं आणि खराब पाणी एक होऊ द्यायचं नाही, एवढंच सूत्र. आपल्या घरातली बाई पिण्याचा माठ आणि मोरीचं पाणी वेगळं ठेवते. कोट्यवधींची कंपनी तेवढंही करत नसेल, तर तिला जमत नाही असं म्हणू नका. पैसा वाचवायचा आहे, असं म्हणा.

"पाणी तपासलं आहे, मर्यादेत आहे"

हे पहिलं खोटं. खोटं अशासाठी की अर्धं खरं आहे. कोळसा खदानीतून बाहेर सोडायच्या पाण्याची मर्यादा केंद्र सरकारने सप्टेंबर २००० मध्ये ठरवली. त्यात आम्लता मोजायचा सामू ५.५ ते ९ चालतो. पिण्याच्या पाण्याला ६.५ ते ८.५ लागतो. सामू एकाने उतरला की पाणी दहापट आंबट होतं. म्हणजे कागदावर पास झालेलं पाणी पिण्याच्या मर्यादेपेक्षा दहापट आंबट असू शकतं. गाळाची मर्यादा लिटरमागे १०० मिलीग्रॅम आहे. हिशेब करा: एक कोटी लिटर पाणी सोडलं तर मर्यादेत राहूनही नाल्यात एक टन गाळ गेला. आणि खदानीसाठी नेहमी मोजायच्या गोष्टींच्या यादीत सल्फेट नाही, कठीणपणा नाही. पिण्याच्या पाण्यात सल्फेट लिटरला २०० मिलीग्रॅमच्या आत असावं लागतं. डाळ का शिजत नाही, हे कंपनीचा कागद कधी सांगणारच नाही, कारण तो प्रश्न त्या कागदात विचारलेलाच नाही.

तेव्हा साहेब "मर्यादेत" म्हणाला की लगेच विचारा: कोणत्या मर्यादेत? सोडायच्या की पिण्याच्या? कोणत्या महिन्यात घेतलं? धो धो पावसात घेतलं की उन्हाळ्यात? तलावाच्या तोंडाशी घेतलं की आमच्या पाणवठ्यावर?

"पाऊसच जास्त झाला"

हे दुसरं खोटं. ढिगारा घसरला, नाला फुटला, शेतात गाळ आला, की पंचनाम्यात लिहितात "नैसर्गिक आपत्ती". मंजुरीच्या अटी वाचा. भोवतालची नाली आणि पाणी साठवायचा खड्डा अचानक येणाऱ्या मोठ्यात मोठ्या पावसाच्या हिशेबाने बांधायचा, आणि वर आणखी ५० टक्के जागा राखायची. नाल्यांचा गाळ नियमित काढायचा. म्हणजे जास्त पाऊस येणार हे धरूनच परवानगी दिलेली आहे. तलाव गाळाने अर्धा भरून ठेवला तर त्यात पाणी अर्धंच मावेल, हे सांगायला इंजिनीअर लागत नाही.

किती पाणी असतं याचाही अंदाज घ्या. खदान आणि ढिगारे मिळून शंभर हेक्टर धरले आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर दहा कोटी लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर! उन्हाळ्यात एक टँकर देऊन फोटो काढणारी कंपनी पावसाळ्यात दहा हजार टँकर खराब पाणी एका दिवसात आपल्या नाल्यात लोटू शकते. त्याचा फोटो कोणी काढत नाही.

चंद्रपूर शहराने हे पाहिलं आहे. इरईच्या काठाशी खदानीच्या मातीचे डोंगर आहेत. २००६ च्या पावसाळ्यात इरईचं पाणी शहरात शिरलं तेव्हा धरणाच्या दारांची चर्चा झाली, पावसाची झाली. नदीला पसरायला जी जागा लागते ती कोणी दाबली, याची चर्चा तेवढी झाली नाही. आपले नाले इरईला, वर्धेला मिळतात, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीला जाते. आपल्या नाल्यात आज पडलेला गाळ खालच्या गोंड-कोलाम गावांना उद्या भेटणार आहे.

डिसेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली. त्यात चंद्रपूर चौथं आलं, १०० पैकी ८३.८८ गुण घेऊन. जानेवारी २०१० मध्ये अशा पट्ट्यांत नव्या प्रकल्पांना तात्पुरती मनाई झाली. पण जुन्या खदानींचं पाणी मनाईने थांबत नाही.

"आधी नोकऱ्यांचं होऊ द्या, पाण्याचं मागून काढू"

हे वाक्य कंपनीचं नाही, आपल्यातल्याच काहींचं आहे, म्हणून जास्त झोंबतं. नोकरी मागू नका असं आम्ही म्हणत नाही. जमीन गेली त्याला नोकरी मिळालीच पाहिजे. पण नोकरी कोणाला मिळते? ज्याचं नाव सातबाऱ्यावर आहे त्याला. वनजमीन कसणारा, दावा अडकलेला, भूमिहीन, गुराखी, मासोळी धरणारा ढिवर, मोह वेचणारी बाई, यांचं नाव सातबाऱ्यावर कुठं आहे? पण पाणी या सगळ्यांचं जातं. नोकरी एका घराला मिळते आणि साठाव्या वर्षी संपते. नाला सगळ्या गावाचा आहे आणि तो नातवाच्या नातवालाही लागणार आहे. पाण्याचा प्रश्न पुढे ढकलणं म्हणजे गरिबातल्या गरिबाला रांगेतून मागे ढकलणं.

आणि "देशाला वीज लागते" असं कोणी म्हटलं तर त्याला सांगा, आम्ही आज विजेवर वाद घालत नाही. कोळसा ज्या अटींवर काढायला दिला त्या अटी पाळा, एवढंच म्हणतो. अट पाळून वीज होत नसेल, तर ती वीज आमच्या पाण्यावर उधारीत चालली आहे.

हक्क कोणाचा

कोळशासाठी जमीन घ्यायला १९५७ चा वेगळा कायदा आहे. त्याने जमीन जाते ती नकाशातल्या रेषेपर्यंत. पाणी त्या रेषेपाशी थांबत नाही. रेषेच्या बाहेरचा नाला कंपनीने घेतलेला नाही, त्याचे पैसे दिलेले नाहीत, म्हणून त्याला बिघडवायचा अधिकारही तिला मिळालेला नाही.

आपल्या हातात काय काय आहे ते पाहा. जुन्या मध्य प्रांतातल्या आपल्या गावांना निस्तार पत्रक आहे, वाजिब-उल-अर्ज आहे. गुरं कुठं चरतील, पाणी कुठलं, वाट कुठली, मासोळी कोणाची, हे त्यात नोंदवलेलं असतं. तलाठ्याकडून नक्कल काढा. वनहक्क कायदा २००६ चं कलम ५ ग्रामसभेला अधिकार देतं की जंगलालगतचं पाणलोट क्षेत्र आणि पाण्याचे स्रोत सुरक्षित राहतील हे तिने पाहावं. ३ ऑगस्ट २००९ च्या केंद्राच्या पत्राप्रमाणे वनजमीन खदानीला द्यायची असेल तर वनहक्कांचं काम पुरं झाल्याचं आणि संमती असल्याचं ग्रामसभेचं पत्र लागत होतं, आणि त्या सभेला निम्मे सभासद हजर लागत होते. सरपंचाच्या घरी घेतलेल्या सह्या म्हणजे ग्रामसभा नव्हे. आणि १९७४ च्या पाणी कायद्याचं कलम २४ सांगतं की नाल्यात, नदीत, विहिरीत जाणूनबुजून घाण सोडायला मनाई आहे. प्रवाह अडून घाण वाढेल असं काही नाल्यात टाकायलाही मनाई आहे. साठ दिवसांची नोटीस देऊन साधा माणूसही कोर्टात जाऊ शकतो.

कागद खूप आहेत. ते आपोआप उठून उभे राहत नाहीत. गाव उभं राहिलं की कागद उभा राहतो.

मृगाआधी प्रत्येक गावाने करायची कामं

१. आपल्या खदानीचं मंजुरीचं पत्र मिळवा. त्याची प्रत पंचायतीला द्यायची असते, ग्रामसेवकाला विचारा. नाही दिली तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. कंपनीला १ जून आणि १ डिसेंबरला अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो आणि तो कोणीही मागू शकतो. मागा आणि ग्रामसभेत मराठीत वाचून घ्या.

२. पहिल्या पावसाआधी नाला चाला. उगमापासून खदानीच्या खालपर्यंत, बाया, गडी, शाळेतली पोरं मिळून. नाली कुठं आहे, कुठं बुजली, तलावात गाळ किती, भिंत आहे की नाही, पाइप कुठून येतो, नाला कुठं वळवला, हे वहीत लिहा, हाताने नकाशा काढा. कंपनीच्या हद्दीत घुसू नका. बाहेरून दिसतं तेवढंच पुष्कळ आहे.

३. दोन बाटल्यांचा नियम ठेवा. प्रत्येक मोठ्या पावसानंतर एक बाटली खदानीच्या वरच्या अंगाने, एक खालच्या अंगाने, एकाच दिवशी भरा. तारीख, जागा, भरणाऱ्याचं नाव चिकटवा. रात्रभर ठेवा, सकाळी गाळ किती बोटं बसला ते लिहा. कंपनी म्हणेल नाला आधीपासूनच गढूळ होता. वरची बाटली तिला उत्तर देईल.

४. गावातल्या पाच विहिरी ठरवा. दोराला हातभर अंतरावर गाठी मारा आणि पाणी किती खोल ते मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत मोजा. कंपनीलाही मंजुरीप्रमाणे साधारण याच महिन्यांत मोजायचं असतं. दोन्ही वह्या शेजारी ठेवू.

५. सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवून रोजचा पाऊस पट्टीने मोजा. "पाऊसच जास्त झाला" म्हणणाऱ्याला किती जास्त ते सांगता आलं पाहिजे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. कोर्टात आपल्या बाटलीवर काम भागत नाही. तिथं प्रदूषण मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेऊन सील केलेला नमुना लागतो. आपली बाटली त्या अधिकाऱ्याला खुर्चीतून उठवून नाल्यावर आणण्यासाठी आहे. तो येईल तेव्हा कुठं, कोणत्या वेळी पाणी सोडतात, हे त्याला आपली वही दाखवेल. तो कंपनीच्या गेस्ट हाऊसवरून परत गेला तर तेही वहीत लिहा.

ग्रामसभेसाठी ठरावाचा मसुदा

"आज दिनांक ... रोजी ... गावाची ग्रामसभा असा ठराव करते की, गावाचा नाला, विहिरी, बोडी, झिरे व त्यांचे पाणलोट क्षेत्र ही गावाची सामूहिक साधने आहेत. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ प्रमाणे त्यांच्या रक्षणाची जबाबदारी ही ग्रामसभा घेत आहे. खदानीने पावसाआधी सर्व नाल्या व गाळ-तलाव उपसून घ्यावेत, ढिगाऱ्यांच्या पायथ्याची भिंत दुरुस्त करावी व काम झाल्याचे ग्रामसभेच्या प्रतिनिधींना प्रत्यक्ष दाखवावे. पाण्याच्या प्रत्येक तपासणीचा अहवाल मराठीत पंचायतीच्या फळ्यावर लावावा. तपासणी पिण्याच्या पाण्याच्या निकषानेही करावी व नमुना ग्रामसभेने ठरवलेल्या जागेवरून, तिच्या समक्ष घ्यावा. आटलेल्या विहिरींच्या बदल्यात मिळणारे पाणी ही अट असून उपकार नाही, अशी ग्रामसभेची नोंद आहे."

ठरावाच्या तीन प्रती करा. एक जिल्हाधिकाऱ्याला, एक प्रदूषण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयाला, एक खदानीच्या महाव्यवस्थापकाला. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. ठराव आणि नाल्याचा नकाशा संघटनेकडे पाठवा. सगळ्या गावांचे नकाशे जोडले की एकेका गावाला "तुमच्याच गावात अडचण आहे" म्हणणारा साहेब कोणाला काय सांगतो ते पाहू.

उद्या टँकर आला तर पाणी जरूर भरा, ते आपलंच आहे. रांगेत उभं राहताना मान मात्र खाली घालू नका. ड्रायव्हर बिचारा आपल्यासारखाच मजूर आहे, त्याच्याशी भांडू नका. किती वाजता आला, किती लिटर आणले, एवढं वहीत लिहून त्याची सही घ्या. ती सही कंपनीच्या कबुलीखालची आहे.

नाला आमचा, हिशेब आमचा!
जल-जंगल-जमीन आमच्या हक्काची!